ब्रेकचा शब्द

"पोपट, गाडी फेल आहे तुझी."

कुलथे साहेब जीपखालून बाहेर आले, गुडघ्यावरची माती झटकत हे बोलले, आणि मैदानात उभे होतो ते आम्ही सगळे हसलो. माझं हसणं सगळ्यात मोठं होतं. आरटीओचा इन्स्पेक्टर गाडीखाली शिरतो, हाच मुळात विनोद. आठ वर्षं मी त्या ऑफिसच्या दारात टेबल टाकून एजंटगिरी करत होतो. त्या आठवड्याआधी साहेबांची इस्त्रीची पँट गुडघ्यावर मळलेली मी कधी पाहिली नव्हती.

"हसायला काय झालं?" साहेब खेकसले. "मास्टर सिलिंडर गळतोय. ब्रेकचं पायडल पार तळाला टेकतंय. डाव्या दिव्याला काच नाही. फेल म्हणजे फेल. पुढची गाडी घ्या."

पोपट लोखंडे माझ्याकडं बघायला लागला. त्याचे कागद माझ्याकडं होते, तेव्हा उत्तरही माझ्याकडंच असायला हवं होतं.

"आण्णा, साहेबांना काय झालं ओ? बरं न्हाय का?"

"साहेब चांगले ठणठणीत आहेत. नोटा आजारी पडल्यात," मी म्हणालो.

तो शुक्रवार होता. मंगळवारी रात्री टीव्हीवर सांगितलं होतं, पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बाद. जुनी नोट कुणी हातात धरत नव्हतं आणि नवी कुणी पाहिली नव्हती. शंभराची नोट असलेला माणूस त्या आठवड्यात गावात पाटलासारखा चालायचा. आणि लाच शंभराशंभराच्या नोटांत द्यायची तर पिशवी लागणार. पिशवी घेऊन साहेबांकडं जाणार कोण? सगळीकडं धाडींच्या बातम्या. साहेब भ्यायले. भ्यायलेल्या माणसानं मग सरकारनं ज्यासाठी पगार दिला होता ते काम सुरू केलं.

ते काम म्हणजे पासिंग. भाड्यानं माणसं नेणाऱ्या गाडीला दर वर्षी दाखला घ्यावा लागतो, की ही गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची आहे. आमच्याकडं तो दाखला कसा मिळायचा, ते सांगतो. लपवण्यासारखं आता माझ्याकडं काही राहिलेलं नाही.

मालक माझ्याकडं यायचा. मी फाइल करायचो. दिवा नाही, हॉर्न नाही, पत्रा कुजलाय, सीटा फाटल्यात, सगळं चालायचं. त्याचे पैसे ठरलेले होते. पण ब्रेक आणि स्टिअरिंगमधला दोष चालायचा नाही. ते आधी मिस्त्रीकडून करून आणायचं. मग मी स्वतः गाडीत बसायचो, ऑफिसच्या मागं ओढ्याकडं जाणारा उतार आहे तिथं घेऊन जायचो, मध्यावर करकचून ब्रेक मारायला लावायचो. गाडी थांबली, की मगच मालकाकडून पैसे घ्यायचो. त्याआधी कुणी खिशात कोंबले तरी परत करायचो. संध्याकाळी साहेब हॉटेलात चहाला येत. मी बशीखाली पाकीट सरकवायचो, ते नंबर विचारायचे आणि प्रत्येक नंबराला एकच प्रश्न, "ब्रेकचं काय?" मी म्हणायचो, "बसून आलोय साहेब." झालं. दुसऱ्या दिवशी सही.

"दिगंबर, मी पैसे खातो, माणसं खात नाही," हे साहेबांचं पेटंट वाक्य. ते म्हणताना ते बशीतला चहा फुर्रकन ओढायचे, आणि आम्हाला दोघांनाही आपण फार सज्जन आहोत असं वाटायचं. चोरांनाही देव असतोच की.

तर त्या शुक्रवारी पोपटची जीप फेल झाली. पोपट माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणजे पस्तिशीचा. तांबडखिंडीच्या पलीकडं नांदगिरी म्हणून गाव आहे, तिथला. गाव ते बाजारपेठ जीपमध्ये माणसं भरून वडाप करायचा. सुपारीसुद्धा खायचा नाही. जीपच्या काचेवर बायकोचं नाव लिहिलेलं होतं, मंदाकिनी, आणि त्यावरून आम्ही त्याला रोज पिडायचो.

"मी काय सांगतो आण्णा," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्तजयंतीची जत्रा तेरा डिसेंबरला हाय. तीन दिवस खिंडीतनं माणसांची नुसती रीघ. त्या तीन दिवसांवर माझं वरीस चालतं. पोरीची फी, इन्शुरन्स, टायर, समदं. पासिंग न्हाय झालं तर पोलीस खिंडीच्या तोंडालाच गाडी लावून घेत्यात. दिवा घालतो मी. बाकीचं तुमी बगा."

"दिव्याचं नाही रे, ब्रेकचं कर. रशीद मिस्त्रीकडं टाक गाडी."

रशीद मिस्त्रीकडं गेलो तर तिथं गाड्यांचं लग्न लागल्यासारखी गर्दी. साहेब खरी तपासणी करायला लागल्यापासून तालुक्यातली प्रत्येक गाडी आजारी निघाली होती. रशीदभाईला घास गिळायला वेळ नव्हता.

"सिलिंडर कोल्हापुरातून आणायचा," तो पान्यानं कान खाजवत म्हणाला. "दुकानदार रोख मागतो, तीही नवी. नोटा आण, पार्ट आणतो. नंबर लागेल बारा-पंधरा दिवसांनी. पैसे नकोत म्हणतोय का मी? पण हात दोनच आहेत, पोपट."

पोपटचे पैसे होते. मंदानं डब्यात साठवलेले, पाचशेच्या नोटांत. ते बँकेत भरायला ती दोन दिवस रांगेत उभी राहिली आणि काढायला पोपट चार दिवस. एकदा त्याचा नंबर येईतो बँकेतली रोकड संपली. एकदा दोन हजाराची एक गुलाबी नोट मिळाली, ती घेऊन तो दिवसभर फिरला, कुणी मोड देईना.

आणि आमच्या मैदानात रामराज्य आलं होतं. खरं सांगतो, मी माझ्या आयुष्यात तसे दिवस पाहिले नाहीत. गाड्या येत, साहेब खाली शिरत, फेल करत. मालक शिव्या देत जात, दुरुस्त करून परत येत, पास होत. कुणी कुणाला एक पैसा देत नव्हतं. ट्रकांना मागचे लाल दिवे लागले. रिक्षांचे हॉर्न वाजायला लागले. मी हिशेब करून ठेवलाय, एकोणीस दिवस चाललं ते. आजही चहाच्या टपरीवर कुणी वाद घालतं, नोटाबंदीनं लाच बंद झाली का हो, नाही झाली का. एक म्हणतो झाली, एक म्हणतो थापा. मी उठून जातो. एकोणीस दिवस झाली होती, मी डोळ्यांनी पाहिली. पुन्हा सुरू कुणी केली, तेही मला माहीत आहे.

मी केली.

त्या एकोणीस दिवसांत माझ्या टेबलावर माशी बसत नव्हती. एजंट लागतोच कशाला, जेव्हा गाडी नीट असली की पास आणि नसली की फेल? घरी बायको शालन रोज विचारायची, आज काही? मी म्हणायचो, उद्या. दात कोरून पोट भरत नाही. विसाव्या दिवशी मी ऑफिससमोरच्या विलासच्या झेरॉक्सच्या दुकानात नुसता बसलो होतो. विलासनं काचेवर मोबाइलच्या वॉलेटचा नवा स्टिकर लावला होता, काळ्या चौकटींची नक्षी असलेला. एक पोरगी आली, दोन झेरॉक्स काढल्या, मोबाइल स्टिकरवर धरला आणि गेली. ना सुटे, ना नोट. मला एकदम विजेसारखं सुचलं.

"विलास, तू चारशे झेरॉक्स काढल्या असं समज," मी म्हणालो.

"कशाच्या?"

"कशाच्याही नाही."

दुसऱ्या दिवसापासून ते चालू झालं. मालकानं मला पैसे द्यायचे, चेकनं, खात्यावर, कसेही. मी माझ्या मोबाइलवरून विलासच्या स्टिकरवर भरायचे. विलास चिठ्ठी फाडायचा, 'झेरॉक्स व लॅमिनेशन', खाली रक्कम आणि निळा शिक्का. चिठ्ठी फाइलला टाचायची. साहेबांच्या पुण्यातल्या घराचं लाइटबिल, मुलाच्या क्लासची फी, बाईसाहेबांचा रिचार्ज, सगळं विलास आपल्या दुकानातून भरायचा. एक नोट इकडची तिकडं होत नव्हती. धाड पडली तरी काय सापडणार? झेरॉक्स काढणं गुन्हा आहे का?

साहेबांना मी ही युक्ती सांगितली तेव्हा ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "लेका दिगंबर, तू शिकला असतास तर अर्थमंत्री झाला असतास." मला इतका आनंद झाला! आज तो आठवला तरी अंगावर काटा येतो.

साहेबांनी फक्त एक बदल केला. "संध्याकाळचा चहा बंद," ते म्हणाले. "आता एकत्र दिसायला नको. भेटायची गरजच काय? चिठ्ठी लागली की मला कळतं."

मी म्हणालो, "बरं साहेब." चहा बंद झाला म्हणजे नेमकं काय बंद झालं, हे मला तेव्हा उमगलं नाही. त्यांनाही नाही.

पोपट एकोणतीस तारखेला आला. रशीदनं सहा तारखेचा नंबर दिला होता, पार्ट अजून आला नव्हता. इकडं साहेब दिवसाला आठच फाइली हातात घेत आणि जत्रेसाठी सगळ्या जीपवाल्यांची झुंबड उडालेली. आधी चिठ्ठी, आधी नंबर.

"आण्णा, सहाला ब्रेक झाले आन् मग फाइल लावली, तर जत्रा उरकून जाईल माझी," पोपट म्हणाला. "तुमी नंबर तेवढा धरून ठेवा. ब्रेकचं मी करून घेतोच. मंदाची आन."

"बायकोची आन कशाला घेतोस रे, ती बिचारी रांगेत उभी असेल कुठंतरी," मी म्हणालो, आणि मोबाइल काढला.

आठ वर्षांत मी ब्रेक बघितल्याशिवाय पैसे पुढं सरकवले नव्हते. पण हे पैसे कुठं होते? ना हातात घेतले, ना बशीखाली ठेवले. अंगठ्यानं एक आकडा दाबला. मला वाटलं, हा तर नुसता नंबर लावलाय. आणि साहेबांनी स्वतः हीच गाडी फेल केली होती ब्रेकवरून. फाइल समोर आली की ते मला बोलावणार, "दिगंबर, ब्रेकचं काय?" आणि मी म्हणणार, "सहा तारखेपर्यंत थांबा साहेब." असंच होणार होतं. नेहमी असंच होत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपायानं माझ्या टेबलावर पास झालेल्या फाइली आणून टाकल्या. सगळ्यात वर पोपटची. दाखला छापलेला, सही केलेली, वर्षभराची मुदत. ब्रेक : समाधानकारक.

मी दाखला उचलला. उठून आत जायचं, म्हणायचं, साहेब, ही चुकून झाली, परत घ्या. वीस पावलं. दारात रांग होती. आत गेलो असतो तर साहेब चिडले असते, नवी रीत सुरू होऊन दोन दिवस झाले नाहीत आणि तुझा घोळ सुरू. आणि मी म्हटलं, दाखला टेबलाच्या खणात ठेवतो, सहा तारखेला देतो. तेवढ्यात पोपट आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पाव किलो पेढे घेऊन आला होता, शंभराच्या नोटेचे, म्हणजे बघा.

"आण्णा! झालं म्हनं!"

"झालंय, पण देत नाही. आधी ब्रेक."

"आवो, सहाला करतोय की! पन उद्यापासनं गाडी घरी उभी ठेवू का? तीन आठवडे झालं बसून खातोय. बाजारपेठेपतूर सपाटीलाच मारतो. खिंडीत न्हाय नेनार ब्रेक झाल्याशिवाय, शब्द देतो."

त्यानं पेढा माझ्या तोंडात घातला. तोंडात पेढा असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मी दाखला दिला.

सहा तारखेला पार्ट आलाच नाही. हे मला नंतर रशीदनं सांगितलं. नऊलाही आला नाही. पोपटनं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या टेबलावर आता परत गर्दी होती. रोजच्या सात-आठ चिठ्ठ्या. मी पोपटला विसरलो होतो, हे खरं.

बारा तारखेला सकाळी अकराच्या सुमारास तांबडखिंडीत तिसऱ्या वळणावर पोपटची जीप सुटली आणि खाली गेली. जत्रेला निघालेली माणसं होती. चार गेली, आणि पाचवा पोपट. बाकीची सात झाडाझुडपांत अडकून वाचली. वाचलेली एक बाई म्हणत होती, तो ओरडत होता, सगळे मागं बसा, मागं बसा, आणि खाली वाकून पाय मारत होता, पाय मारत होता.

अपघात झालेल्या गाडीची तपासणी कोण करतो, माहीत आहे? आरटीओचा इन्स्पेक्टर. गाडीत काही दोष होता की ड्रायव्हरची चूक होती, हे तो लिहून देतो. आमच्या भागात ते काम एकाच माणसाकडं होतं.

पोलीस ठाण्याच्या आवारात जीप आणून टाकली होती. टप चेपलेला, समोरची काच गेलेली. साहेब वही घेऊन उभे होते. मी गेलो. त्यांनी मला बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले नाहीत.

"दिगंबर," ते हळू आवाजात म्हणाले, "ब्रेक झालेच नव्हते रे."

"नव्हते साहेब. तुम्ही विचारलं नाहीत."

"मी विचारू? मी ती गाडी ब्रेकवरून फेल केली होती. तीन आठवड्यांनी तिच्यावर तुझी चिठ्ठी लागली. मी काय धरणार? आठ वर्षं तू ब्रेक झाल्याशिवाय पैसे आणले का कधी? एकदा तरी?"

"नाही."

"मग? पैसे आले म्हणजे ब्रेक झाले. तुझे पैसे हाच तुझा शब्द होता, दिगंबर."

ठाण्यातल्या हवालदाराचा रेडिओ चालू होता, जत्रेची बातमी सांगत होता. साहेब जीपभोवती एक फेरी मारून आले. खाली शिरले नाहीत.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. मला विचारलं! "ब्रेक निकामी होते असं लिहिलं, तर बारा दिवसांपूर्वी समाधानकारक कुणी लिहिलं? मी. का लिहिलं? मग फाइल निघेल. फाइलीला चिठ्ठी. दोन कागदांच्या फाइलीला चारशे झेरॉक्स. विलास जाईल, मी जाईन. आणि पैसे तुझ्या मोबाइलवरून गेलेत, तारीख-वेळेसकट. नोट असती तर तिच्यावर आपलं नाव नसतं. हे आहे. लिहू?"

मी काय म्हणालो असेन? काहीच म्हणालो नाही. त्यांनी वाट बघितली, बराच वेळ बघितली, हेही खरं आहे. मग लिहिलं. यांत्रिक दोष आढळून आला नाही.

त्या एका ओळीनं पोपट दोषी झाला. पोलिसांनी पुढचं आपोआप लिहिलं : चालकाने भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालवून. चौकशीला वरून माणसं आली, त्यांनी ऑफिस तपासलं, रोख रक्कम कुणाकडं सापडली नाही. जानेवारीत ऑफिसच्या भिंतीवर पाटी लागली, हे कार्यालय रोकडविरहित आहे. ती पाटी बघतच मी वर्षभर टेबलावर बसलो आणि मग सोडून दिलं ते काम.

पण मंदाचं सांगायचं राहिलं. सांगायचं तेच राहतंय.

पोपटचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, हातात पोलिसांच्या कागदाची घडी. मी उठून खुर्ची दिली. ती बसली नाही.

"आण्णा, एक इच्यारायचं होतं."

"बोला वहिनी."

"ह्ये सांगायचं, आण्णा सोता गाडीत बसून उताराला जातेत, ब्रेक बघितल्याबिगर कागद करत न्हाईत. लई इश्वास तुमच्यावर. मला म्हनलं होतं, ब्रेकचं काम झालं. पन रशीदभाई म्हंत्यात, माज्याकडं गाडी आलीच न्हाय. मग दुसरीकडं केलं आसंल का? लोक कायबाय बोलत्यात. पोलीस म्हंत्यात ब्रेक चांगलं होतं, ह्येंनी दाबलंच न्हाय. मला कुनाचं खरं धरावं कळंना झालंय. तुमी सांगाल ते मी धरते."

माझा मोबाइल शर्टाच्या खिशात होता. त्यात एकोणतीस नोव्हेंबरची नोंद होती. रक्कम, वेळ, विलासच्या दुकानाचं नाव, आणि पुढं हिरवी बरोबरची खूण. तेवढी तिच्यापुढं धरली असती, तर तिला सगळं कळलं असतं. इतका स्वच्छ पुरावा जगात कुठल्या लाचेचा नसेल. कुणीही बघितला असता तर सापडला असता, पण कुणी बघितलाच नाही.

"आण्णा? ब्रेक चांगलं होतं ना?"

मी म्हणालो, "चांगले होते वहिनी."

तिनं मान हलवली. दोनतीनदा हलवली. डोळ्यांत पाणी आलं नाही, उलट काहीतरी ठरल्यासारखा चेहरा झाला.

"मग ह्येंचाच पाय चुकला," ती म्हणाली. "मी आपली उगं गाडीला दोष देत होते. बरं झालं, सांगितलं तुमी."

कागदाची घडी तिनं ब्लाउजात खोचली आणि जायला वळली. मग पुन्हा थांबली.

"अजून एक काम हाय. चार घरं हायेत ती. त्यांची मानसं माज्या मालकानं नेली. मला जाऊन पाया पडायचंय त्येंच्या. दीर येत न्हाय म्हंतोय, त्येला लाज वाटती. बाईमानूस एकली कशी जाऊ? तुमी येता का संगं?"

त्या दिवसापासून मी कुणाच्याही गाडीत बसलो की माझा उजवा पाय खालचा पत्रा दाबतो. एसटीत दाबतो, रिक्षात दाबतो. उताराला मांडीला गोळे येईतो दाबतो. शालन म्हणते, डॉक्टरला दाखवा. दाखवला. डॉक्टर म्हणाले, पायाला काही नाही.

मी गेलो मंदाबरोबर. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पहिल्या घरी कुणी दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी एका माणसानं तिला इतकं वाईट बोलून घेतलं, की मला वाटलं आता सांगून टाकावं, इथंच, ओरडून. ती पदर पसरून ऐकत राहिली, "चुकलं त्येंचं, पदरात घ्या" म्हणत राहिली, आणि मी तिच्या मागं दोन पावलांवर चपलांकडं बघत उभा राहिलो. तिसऱ्या घरी नुसती रडारड.

चौथं घर नांदगिरीच्या शेवटाला. तिथली सून गेली होती, पंचवीस वर्षांची. सासू अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मंदानं जाऊन उंबऱ्यावर डोकं टेकलं. म्हातारी उठली, तिला धरून वर उचललं, तिच्या कपाळाची धूळ आपल्या पदरानं पुसली.

"तुजा काय दोष बाई," म्हातारी म्हणाली. "आन् त्यो तरी कुठं मुद्दाम गेला. गेलेल्यावर राग धरून काय करू मी? बस हितं."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी कुंपणाशी होतो. बऱ्याच वेळानं म्हातारीचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"आन् ह्ये कोन पावनं?"

मंदा म्हणाली, "ह्ये दिगंबरआण्णा. ह्येंचं दोस्त. समद्यांनी पाठ फिरवली, ह्येच एकटं आलं माज्यासंगं."

म्हातारीनं मला नीट बघितलं. मग ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन बाहेर आली.

"लई मोठं मन तुमचं," ती म्हणाली, आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

मी तो घेतला आणि पाणी प्यालो.